झाडा आणि झडती



सरकारी अंमलदारानें धरलेल्या मनुष्यानें एखादी मनाई असलेली वस्तु अंगावर लपविली, तर ती कशी शोधून काढावयाची, हा आजच्या भाषणाचा विषय. प्रश्न ठाण्यांतला आणि कचेरींतला. घरीं दिवाणखान्यांत बसून ऐकणाऱ्या मंडळींचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. तथापि या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतलें एक प्रकरण आमच्या जालन्यास घडलेलें आहे. तेथूनच आरंभ करतों.

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि समोरच्या तीरावर कादराबाद, म्हणजे नवा जालना. आजच्या पिढीला हें गांव बियाण्यांच्या व्यापारासाठीं आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठीं माहीत आहे. सतराव्या शतकांत तें मोंगलांच्या दक्षिणेंतील एक संपन्न बाजारपेठ होतें. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांचें सैन्य येथें आलें. चार दिवस लूट चालली, परंतु हातीं विशेष कांहीं लागेना. धनिक सावकार व व्यापारी आपापला पैसा आणि जवाहीर घेऊन गांवाबाहेरच्या एका बागेंत, सय्यद जान महंमद नांवाच्या साधुपुरुषाच्या मठांत, जाऊन बसले होते. त्यांचा हिशेब खुळ्याचा नव्हता. कोणत्याहि धर्माच्या साधुसंतांस व पवित्र स्थानांस महाराज उपद्रव होऊं देत नाहींत, ही गोष्ट सर्वत्र ठाऊक होती. महाराजांविषयीं कडवट लिहिणारा खाफीखान, त्यानेंसुद्धां महाराजांची ही शिस्त मान्य केली आहे.

पण शिपायांना या मठाचा सुगावा लागला. ते आंत शिरले, आश्रितांस लुटलें, कित्येकांस जखमा झाल्या, आणि साधु मध्यें पडला तेव्हां त्यालाहि धाकदपटशा दाखविण्यांत आला. साधूनें शाप दिला असें सांगतात. पुढें सुमारें पांच महिन्यांनीं, ३ एप्रिल १६८० रोजीं, महाराजांचें निधन झालें आणि लोकांनीं दोन्ही गोष्टींची सांगड घातली. परतीच्या वाटेवर संगमनेराजवळ मोंगली फौजेनें मराठ्यांना गांठलें, सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाइकानें आडवाटेनें सैन्य पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलें, हा भाग आपण लहानपणापासून वाचीत आलों आहोंत.

शापाची गोष्ट श्रद्धेची आहे. ती श्रद्धावंतांकडे राहूं द्यावी. मला या हकीकतींत दुसरेंच कांहीं दिसतें. लपविणारा मनुष्य माल कोठें ठेवतो? जेथें शोधणाराचा हात जायला कचरतो तेथें. जालन्याच्या सावकारांनीं मठाची आड घेतली, कारण शोधणाराची मर्यादा त्यांना ठाऊक होती. शोधणाराची भीड हीच लपविणाराची तिजोरी. पुढें काळ पालटला, मठाची आड राहिली नाहीं, आणि मनुष्याचा देह हीच ती तिजोरी झाली. अशा प्रसंगीं शोधणारापुढें दोन वाटा असतात : मर्यादा सोडावी, नाहीं तर माल सोडावा. या दोहोंखेरीज तिसरी वाट आहे काय, हें धुंडाळण्यांत गेल्या दीडशें वर्षांतील कायदे करणारांची बरीच बुद्धि खर्ची पडली आहे.

महाराजांच्याच राज्यांत झडतीची एक निराळी रीति होती, आणि ती परक्यांपेक्षां आपल्याच लोकांस लागू होती. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जी बखर लिहिली, तींत लष्कराचे नियम आले आहेत. दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीला निघे, तेव्हां लहानथोर सर्वांच्या चीजवस्तूंची यादी होई. बरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नेण्याची मनाई. परमुलुखांत बायकापोरांना धरण्याची मनाई. आठ महिन्यांनीं फौज परतली म्हणजे प्रत्येकाचा झाडा होई व तो जातांनाच्या यादीशीं ताडून पाहत. अधिक निघेल तें सरकारांत जमा व्हावयाचें, नाहीं तर पगारांत वजा. लपवून ठेवल्याचें उघडकीस आलें तर शासन.

झाडा हा शब्द आतां आपण एकटा फारसा वापरीत नाहीं; झाडाझडती या जोडशब्दांत तो उरला आहे. वस्त्र झटकून दाखवावें, आंत कांहीं नाहीं हें समोरच्याच्या नजरेस पडावें, असा त्यांतला भाव. पण मराठी भाषेनें या जुळ्या भावंडांत एक फरक ठेवला आहे. झाडा आपण देतों. झडती दुसरा घेतो. झाड्याच्या मागें यादी असते, झडतीच्या मागें संशय असतो. आणि ज्याला उद्यां दुसऱ्याचें घर धुंडाळावयाचें आहे त्याच्याच चीजवस्तूंची नोंद आधीं करावयाची, ही सभासदानें सांगितलेली पद्धत आणि इंग्रजी अमलांतला पंचनामा यांना सख्ख्या बहिणी नाहीं तरी चुलत बहिणी म्हणावयास हरकत नाहीं. जालन्याच्या मठांत जें झालें तें महाराजांच्या प्रसिद्ध धोरणाच्या विरुद्ध झालें. नियम उत्तम असणें आणि मोहिमेच्या चौथ्या दिवशीं तो पाळला जाणें यांत किती अंतर असतें, हें शाळेंत छत्तीस वर्षें काढलेल्या मास्तरास कोणी समजावून सांगावयास नको.

पेशवाईच्या उत्तरार्धांतलें एक उदाहरण सर्वांच्या तोंडीं आहे. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास हा मूळचा आमच्याच बाजूचा, औरंगाबादेकडला. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या माणसांनीं कांहीं तेलंगी ब्राह्मण चोर समजून धरले आणि एका कोंदट जागेंत कोंडले. त्यांपैकीं एकवीस गुदमरून मेले. त्यांच्यापाशीं चोरीचें कांहीं होतें कीं नव्हतें, हें मग कोणी विचारलेंच नाहीं. शहर खवळलें आणि कोतवालाला दगडांनीं ठेचून मारण्यांत आलें. ती शिक्षाहि न्यायाची म्हणतां येत नाहीं; परंतु कोंडलेल्या मनुष्याच्या जिवाचा जाब कोंडणाराला द्यावा लागतो, ही समजूत त्या काळींहि किती पक्की होती तें यावरून दिसतें.

कंपनी सरकारच्या अमलांत हा जाब बराच काळ कोणी मागितला नाहीं. १८५५ सालीं मद्रास इलाख्यांतील छळाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल बाहेर आला. सारा वसूल करण्यासाठीं आणि चोरीचा माल कोठें आहे तें कबूल करविण्यासाठीं लांकडी चिमट्यांत बोटें पिरगाळीत, उन्हांत ओणवें बांधून ठेवीत, डोळ्यांत मिरचीची पूड घालीत, अशा गोष्टी त्यांत शेंकड्यांनीं आल्या. पुढें १८७२ चा पुराव्याचा कायदा रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं आपल्या ग्रंथांत एका अनुभवी अंमलदाराचें मत नमूद केलें आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, उन्हातान्हांत पुरावा गोळा करीत हिंडण्यापेक्षां सावलींत बसून गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणें सोपें पडतें. आळस हें छळाचें मूळ आहे, हें इतक्या उघडपणें क्वचितच कोणी सांगितलें असेल. आपण क्रौर्याला दोष देतों. पुष्कळ वेळां दोष आळसाचा असतो.

म्हणून त्या कायद्याच्या २५ व्या कलमानें पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांतून वगळला. परंतु २७ व्या कलमानें एक खिडकी उघडी ठेवली. अटकेंतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु खरोखर सांपडली, तर त्या शोधाशीं निगडित असलेलें तेवढेंच बोलणें पुराव्यांत येऊं शकतें. ‘दागिना अमक्या विहिरींत टाकला आहे,’ आणि दागिना तेथें निघाला, तर तें वाक्य ग्राह्य. तर्क बिनचूक आहे. पण मिरचीचा मोहहि याच खिडकींतून आंत येतो. १९४६ सालीं पुलुकुरी कोट्टय्याच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें या कलमाला आवर घातला : वस्तु कोठें आहे हें आरोपीला माहीत होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें, त्या वस्तूनें पूर्वीं काय केलें याविषयींचें त्याचें बोलणें आंत येऊं द्यावयाचें नाहीं. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमांत हें कलम शब्दांच्या थोड्या फरकानें कायम आहे.

आतां देहाच्या झडतीकडे वळतों. महाराष्ट्रानें तिचें सर्वांत कटु रूप पाहिलें तें चोरांच्या बाबतींत नव्हे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग होता, आणि लपविलेला माल म्हणजे घरांतला आजारी मनुष्य होता. रोग्याला इस्पितळांत नेतील, सामान जाळतील, घर उघडें टाकतील, या धास्तीनें लोक आजाऱ्याला माळ्यावर, अडगळींत, धान्याच्या कोठीमागें दडवीत. रँड यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या प्लेग कमिटीनें गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर पाठविल्या. देवघर व माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाहीं, आणि गांठ आली आहे कीं काय हें पाहण्यासाठीं बायकांनाहि परक्या पुरुषांपुढें उभें करण्यांत आलें, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या. हेतु साथ आटोक्यांत आणण्याचा होता, आणि साथ खरी होती. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण शोधणारानें भीड सोडली म्हणजे लपविणारा अधिकच खोल लपवितो, हा अनुभव त्या वर्षीं सरकारला आला. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि मग सगळ्या प्रकरणाला निराळेंच वळण लागलें.

दुसऱ्याच वर्षीं, १८९८ सालीं, जी फौजदारी कार्यपद्धतीची संहिता झाली, तिच्या ५१ व्या कलमांत अटकेंतील इसमाच्या अंगझडतीचा अधिकार आहे, आणि ५२ व्या कलमांत एवढेंच आहे कीं, स्त्रीची झडती घ्यावयाची तर ती दुसऱ्या स्त्रीनेंच, आणि शालीनतेची कसोशीनें काळजी घेऊन घ्यावी. एका वाक्याचें कलम. पण माझ्या मतें तिसऱ्या वाटेचा पहिला दगड तो. माल सोडावयाचा नाहीं, मर्यादाहि सोडावयाची नाहीं. शोधणारा हात बदलावयाचा. तुरुंगांच्या १८९४ च्या कायद्यांत हीच दृष्टि आहे : आंत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची झडती, नंतर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकुमाप्रमाणें तपासणी, आणि स्त्री कैद्याचें हें सर्व तुरुंगाच्या मेट्रननें करावयाचें.

तुरुंगांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विलक्षण गोष्टी आढळत. कांहीं सराईत कैदी शिशाची गोळी दोऱ्यानें दाताला बांधून ती घशांत लोंबती ठेवीत. पुष्कळ दिवसांनीं तेथें एक लहानशी पिशवी तयार होई आणि तींत नाणें अगर दागिना दडवितां येई. तोंड उघडून पाहिलें तरी कांहीं दिसत नसे. श्रोत्यांपैकीं कोणास शिसारी आली असेल तर क्षमा असावी. एका रुपयासाठीं मनुष्य स्वतःच्या घशाला इतके दिवस यातना देतो, यावरून तुरुंगांत त्या रुपयाची किंमत काय असेल याचा अंदाज यावा. याच काळांत मुंबई इलाख्यांतील पोलीस अधिकारी केनेडी यांचें ‘गुन्हेगार वर्गां’वरील पुस्तक १९०८ सालीं निघालें. त्यांत कोण कोठें काय लपवितो याचें जमातवार वर्णन आहे. पोलिसाला तें उपयोगी पडलें असेल; परंतु अमक्या जातींत जन्मला म्हणून अमुक ठिकाणीं लपवीत असेलच, असें धरून चालण्याची संवय त्या पुस्तकानें व १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें अंमलदारांच्या अंगीं मुरविली. ज्यांनीं कांहींच लपविलें नव्हतें त्यांचीं पालें पिढ्यान् पिढ्या उकरलीं गेलीं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. संवय इतक्या ठरल्या तारखेस रद्द होत नाहीं.

संशय चुकीच्या जागीं खिळला म्हणजे खरा माल बाजूनें निघून जातो. १९०८ सालीं कलकत्त्यास अलिपूरच्या तुरुंगांत कनाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बोस हे क्रांतिकारक आरोपी होते. कैद्यांची झडती होत होती. तरी भेटीला येणारांच्या वाटेनें पिस्तुलें आंत आलीं आणि ३१ ऑगस्ट रोजीं माफीचा साक्षीदार झालेला नरेंद्र गोसाईं तुरुंगांतच मारला गेला. पुढच्या वर्षीं लंडनहून बॅ. सावरकरांनीं पाठविलेलीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें चतुर्भुज अमीन यानें पेटीच्या खोट्या तळांत घालून मुंबईस आणलीं. गोदीवर कोणाला कांहीं आढळलें नाहीं. त्यांतल्या एका पिस्तुलानें २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. तो करणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेस शिकत होता. आमच्या जालन्यापासून औरंगाबाद रेल्वेनें कांहीं तासांची वाट, आणि ती रेल्वे तेव्हां नुकतीच, १९०० सालीं, सुरू झालेली.

वस्तु लपविलेलीच नसेल तर काय, असाहि एक प्रसंग आपल्या इतिहासांत आहे. १९३० च्या एप्रिलांत दांडीच्या किनाऱ्यावर, आणि मे महिन्यांत आमच्या कोंकणांत शिरोड्यास, सत्याग्रह्यांनीं मीठ उचललें. बेकायदेशीर माल उघड्या हातांत, सर्वांच्या देखत. गांधीजींनीं सांगितलें होतें कीं, मनगट मोडलें तरी मूठ सोडूं नये. पोलीस बोटें उकलण्याचा प्रयत्न करीत. मूठभर मिठाची किंमत ती काय? पण ती मूठ जबरीनें उघडण्याची किंमत साम्राज्याला फार पडली. झडतीच्या सगळ्या शास्त्रांत ‘लपविणें’ गृहीत धरलेलें असतें. ज्यानें कांहींच लपविलें नाहीं त्याच्यापुढें तें शास्त्र मुकें होतें.

इकडे आमचा जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांतला तालुका. पूर्वेला तीसएक किलोमीटरांवर देऊळगांव राजा. तें वऱ्हाडांत, म्हणजे इंग्रजी कारभाराखालीं. मधल्या सरहद्दीवर करोडगिरीचें नाकें, म्हणजे जकातीची चौकी. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात, गांठोड्यांची उलथापालथ, आणि संस्थानाबाहेरच्या कित्येक वृत्तपत्रांना मनाई. स्टेट काँग्रेसच्या चळवळीच्या दिवसांत पत्रकें इकडून तिकडे जात. जुन्या जालन्यांतल्या आमच्या वाड्यांत एक वृद्ध आजी होत्या. त्या लहानपणीं आम्हांला सांगत कीं, पत्रकें बायकांच्या निऱ्यांत आणि लेंकराच्या दुपट्यांत जात, कारण नाक्यावरचा शिपाई तेथें हात घालीत नसे. ‘मेला भला होता रे,’ असें त्या त्या अनोळखी शिपायाविषयीं म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तें राज्यच राहिलें नाहीं. आजींच्या तोंडीं शेवटपर्यंत नाक्याच्या नांवाबरोबर त्या शिपायाची आठवण येत असे. सरकारच्या दृष्टीनें तो शिपाई कामचुकार ठरला असता. पण त्याच्यापाशीं बाई झडतीवाली दिलेली नव्हती, आणि ती नसतांना त्यानें हात आवरला, यांत त्याची चूक कोणती?

स्वतंत्र हिंदुस्थानांत प्रश्न बदलला. सोनें महाग झालें, मादक पदार्थांचा व्यापार देशोदेशीं पसरला, आणि मुंबईच्या विमानतळावर देहाच्या आंत, पोटांत, माल घेऊन येणारे लोक सांपडूं लागले. मादक पदार्थांच्या गोळ्या रबराच्या अगर प्लास्टिकच्या वेष्टणांत घालून गिळतात. वेष्टण पोटांत फुटलें तर मनुष्य थोड्या वेळांत प्राणास मुकतो. म्हणून अशा मनुष्याला मारहाण करणें, पोट दाबणें, ओकारी काढविण्यासाठीं अघोरी उपाय करणें, हें अमानुष आहेच, शिवाय मूर्खपणाचें आहे. पुरावा आणि पुराव्याचा धनी दोन्ही एकदमच जातात. त्याला डॉक्टरांच्या नजरेखालीं ठेवावें, सौम्य रेचकें द्यावीं, वाट पाहावी, आणि विषबाधेचें लक्षण दिसलें तर ताबडतोब शस्त्रक्रिया करावी, हीच वैद्यकशास्त्राची रीत.

१९६२ च्या जकात कायद्यानें, ज्याला आपण कस्टम्सचा कायदा म्हणतों त्यानें, १०३ व्या कलमांत ही वाट बारकाईनें आंखली आहे. शरीराच्या आंत माल आहे असें मानावयास कारण असेल तर अधिकाऱ्यानें त्या इसमाला विनाविलंब जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें. मॅजिस्ट्रेटला कारण पटलें नाहीं तर इसम मोकळा. पटलें तर क्ष-किरण तपासणीचा हुकूम. ती करणारा लायक तज्ज्ञ. त्याचा अहवाल पुन्हां मॅजिस्ट्रेटकडे. आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानें व देखरेखीखालीं माल बाहेर काढण्याची तजवीज. स्त्री असेल तर डॉक्टरहि स्त्रीच पाहिजे. इसमानें आपण होऊन कबूल केलें आणि संमति दिली, तर या पायऱ्यांची जरूर नाहीं. २०१९ सालीं यंत्रानें देहाचें चित्र घेण्याची मुभा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनें देण्यांत आली. मला यांतली मॅजिस्ट्रेटची पायरी सर्वांत मोलाची वाटते. ज्याला संशय आला त्यानेंच देह उघडावयाचा नाहीं. मध्यें एक असा मनुष्य पाहिजे ज्याला माल सांपडल्याची बढती नाहीं आणि न सांपडल्याची नाचक्कीहि नाहीं.

हाच विचार १९८५ च्या मादक पदार्थांच्या कायद्यांत ५० व्या कलमांत आहे. अंगझडतीपूर्वीं त्या इसमास सांगितलें पाहिजे कीं, तुला राजपत्रित अधिकाऱ्यापुढें किंवा मॅजिस्ट्रेटपुढें झडती द्यावयाचा हक्क आहे. या एका कलमावर खटल्यांचे ढीग पडले. पूर्वीं, १९७३ सालीं, पूरणमलच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें होतें कीं, झडती सदोष असली एवढ्यामुळें मिळालेला पुरावा फेंकून देण्याचें कारण नाहीं. परंतु १९९९ सालीं बलदेवसिंगाच्या खटल्यांत घटनापीठानें ठरविलें कीं, ५० व्या कलमाचा हक्क सांगितलाच नाहीं तर केवळ त्या जप्तीवर उभारलेली शिक्षा टिकावयाची नाहीं. आणि २०१० सालीं विजयसिंह जाडेजाच्या प्रकरणांत दुसऱ्या घटनापीठानें ‘साधारणपणें पाळलें’ एवढ्यानें भागणार नाहीं, तंतोतंत पाळलें पाहिजे, असें बजावलें. मध्यंतरीं, २००५ सालीं, आणखी एक नाजुक प्रश्न सुटला : हें संरक्षण देहाला आहे, हातांतल्या पिशवीला नाहीं. पिशवी म्हणजे मनुष्य नव्हे. ऐकावयास हास्यास्पद वाटतें. पण देहाला जगांतल्या इतर सर्व पात्रांहून वेगळें काढणारा हा निकाल आहे.

कांहीं मंडळी म्हणतात, इतके सोपस्कार केले तर गुन्हेगार हंसत सुटतात. सुटतात, हें खरें आहे. परंतु सुटणारांच्या निकालपत्रांत सोपस्कार फार झाले म्हणून सोडलें असें लिहिलेलें नसतें. सोपस्कार केले नाहींत म्हणून सोडलें असें असतें. साधा एक प्रश्न विचारावयाचा, तो लेखी नोंदवावयाचा, एक अधिकारी बोलावून आणावयाचा. हा तासाभराचा कंटाळा. स्टीफनच्या काळांतली सावली अजून तितकीच थंडगार आहे.

आपल्याकडील पंचनाम्यांत एक जुनी प्रथा आहे, तिचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. घराची झडती घेण्यापूर्वीं पंच आणि पोलीस आपली स्वतःची अंगझडती घरमालकास देऊं करतात, आणि आपण आंत जातांना बरोबर कांहीं नेलें नाहीं असें लिहून ठेवतात. लपविलेला माल सांपडणें ही अर्धी गोष्ट. तो सांपडविण्यासाठीं कोणी आणून ठेवला नव्हता हें दिसणें ही उरलेली अर्धी. न्यायालयांत खटले मोडतात ते बहुधा या दुसऱ्या अर्ध्यावर, कारण पंच म्हणून आणलेला मनुष्य ठाण्यासमोरच्या टपरीवरचा, दर महिन्याला सही करणारा निघतो. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानें झडतीचें व जप्तीचें चलच्चित्र घ्यावयाचें ठरविलें आहे. कॅमेरा हा न कंटाळणारा पंच खरा. मात्र देहाच्या झडतीच्या वेळीं त्या पंचाचें तोंड कोणीकडे असावें, आणि तें चित्र पुढें कोणाकोणाच्या हातीं जावें, हें ठरवितांना १८९८ च्या त्या एका वाक्याच्या कलमाची फार आठवण ठेवावी लागेल.

१९९६ च्या डिसेंबरांत डी. के. बसू यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक कागद सक्तीचा केला. धरलेल्या मनुष्यानें मागणी केल्यास त्याच्या अंगावर त्या वेळीं लहानमोठ्या ज्या जखमा असतील त्यांची नोंद करावयाची, तिच्यावर त्यानें आणि पोलिसानें दोघांनींहि सही करावयाची, आणि दर अठ्ठेचाळीस तासांनीं डॉक्टरकडून तपासणी करावयाची. सभासदाच्या बखरींतला शिपाई मोहिमेला निघतांना आपल्या चीजवस्तूंची यादी देत असे आणि परततांना ती ताडून पाहिली जाई. येथें यादी होते ती देहाची. कोठडींत जातांना देह कसा होता आणि बाहेर येतांना कसा आहे, हें सरकारनें ताडून दाखवावयाचें आहे. या वेळीं झाडा सरकारचा आहे.

आणि १९७३ च्या संहितेनें अंगझडतीच्या कलमांत एक लहानशी भर घातली, ती नव्या संहितेंतहि कायम आहे : अटकेंतील इसमाच्या अंगावरून जें काढून घ्याल त्याची पावती त्याला द्या. कपडे तेवढे त्याच्याजवळ राहतात; बाकी सर्व पावतीवर चढतें. किल्ल्यांचा जुडगा, मोडका कंगवा, एस्. टी. चें अर्धें फाटलेलें तिकीट, चाळीस रुपये, एक गंडा. खालीं तारीख, वेळ आणि दोन सह्या.